पुन्हा अर्ज करावा काय?

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत यापूर्वीच्या वक्त्यांनी मंडळाच्या वाचनालयाचा, नाट्यशाखेचा आणि गणेशोत्सवाचा इतिहास आपणांपुढे ठेवला. आमच्या वाट्याला आलेला विषय तितका उत्सवी नाही. व्यवस्थापनशास्त्राच्या नामांकित संस्थेने प्रवेश नाकारल्यावर मुलाने अथवा मुलीने काय करावे, आणि पुढल्या वर्षी पुन्हा अर्ज करावा की नाही, हा तो विषय. मंडळाच्या मार्गदर्शन वर्गात आम्ही गेली काही वर्षे या मुलांबरोबर बसत आलो आहोत. दर एप्रिल-मे महिन्यांत तेथे हा प्रश्न येतो. आणि तो बहुधा हलक्या आवाजात, बाकीची मुले निघून गेल्यावर विचारला जातो. तो एकदा सर्वांसमक्ष घ्यावा असे कार्यकारिणीने ठरविले, याबद्दल आम्ही तिचे आभारी आहोत.

हा प्रश्न आपल्यासारख्या घरांत अधिक जड का होतो, हे प्रथम पाहिले पाहिजे. आपल्यापैकी बहुतेकांचे वडील किंवा आजोबा कारखान्याच्या नोकरीसाठी या पोलादनगरीत आले. येथे आपली शेती नाही, वाडा नाही, पिढीजात पेढी नाही. मिळाले ते शिक्षणाने मिळाले, आणि मुलांना द्यायचे तेही शिक्षणच, अशी आपली धारणा झाली. त्यामुळे मुलाचा प्रवेश हा त्याच्या एकट्याचा राहत नाही. गाव सोडून इतक्या दूर आल्याचे चीज झाले की नाही, याचा कौल जणू त्या एका निकालावर लागतो. बावीस-तेवीस वर्षांच्या मुलाच्या खांद्यावर हे ओझे फार होते. ते तो बोलून दाखवीत नाही, इतकेच.

आता नकाराचे खरे स्वरूप पाहू. त्यासाठी थोडे गणित करावे लागेल. श्रोत्यांनी कंटाळू नये.

अहमदाबाद आणि कलकत्ता येथील भारतीय व्यवस्थापन संस्था, म्हणजे आपण ज्यांना आय.आय.एम. म्हणतो त्यांतल्या पहिल्या दोन, १९६१ साली स्थापन झाल्या. बंगळूरची १९७३ मध्ये आणि लखनौची १९८४ मध्ये निघाली. आज या संस्थांची संख्या विसाच्या पुढे गेली आहे. जागा वाढल्या; पण उमेदवार त्याहून वाढले. या संस्थांसाठी घेतल्या जाणाऱ्या कॅट परीक्षेला २०२४ साली सुमारे ३ लाख २९ हजार जणांनी नावे नोंदविली आणि सुमारे २ लाख ९३ हजार प्रत्यक्ष बसले. अहमदाबादच्या मुख्य अभ्यासक्रमात एका वर्षी घेतले जातात ते सुमारे ४०० विद्यार्थी.

या परीक्षेचा निकाल 'पर्सेंटाइल'मध्ये लागतो, आणि येथे आमच्या पिढीची फसगत होते. मुलाला ९५ पर्सेंटाइल मिळाले असे ऐकले की आम्हांला शालान्त परीक्षेतले ९५ टक्के आठवतात आणि आम्ही पेढे आणायला निघतो. ९५ पर्सेंटाइल याचा अर्थ शंभरांपैकी ९५ उमेदवार मागे आणि ५ पुढे, इतकाच. २ लाख ९३ हजारांत हे पाच टक्के म्हणजे साडेचौदा हजारांहून अधिक माणसे होतात. ९९ पर्सेंटाइल मिळविणाऱ्याच्या पुढेही सुमारे २,९०० उमेदवार असतात. तेव्हा 'इतके चांगले गुण मिळूनही घेतले नाही, म्हणजे मुलाचेच काही चुकले असणार' हा जो तर्क घरोघर केला जातो, त्याला गणिताचा आधार नाही. ज्याला घेतले नाही तो लायक नव्हता असे या निकालाने सिद्ध होत नाही. त्या वर्षी, त्या संस्थेत, त्या मोजक्या जागांत तो बसला नाही, एवढेच सिद्ध होते.

याउपर परीक्षेचे गुण हा निवडीचा एकच भाग आहे. दहावी-बारावीचे गुण, पदवीचे गुण, नोकरीचा अनुभव, लेखी अभिव्यक्तीची चाचणी आणि मुलाखत या सर्वांना संस्था आपापल्या सूत्रानुसार वजन देतात, आणि हे सूत्र प्रत्येक संस्थेचे वेगळे असते. म्हणून शेजारच्या मुलीला कमी पर्सेंटाइलवर मुलाखतीचे बोलावणे येते आणि आपल्या मुलाला जास्त असून येत नाही. यात अन्याय शोधण्याआधी ते सूत्र वाचावे. संस्था ते आपल्या संकेतस्थळावर जाहीर करतात.

गणित समजले म्हणून दुःख कमी होते असे मात्र नाही. दीड-दोन वर्षे पहाटे उठून ज्याने अभ्यास केला, त्याला संगणकाच्या पडद्यावर दोन ओळींचा नकार वाचावा लागतो, आणि त्या ओळींत कारण दिलेले नसते. अशा वेळी पहिले आठ-दहा दिवस कोणताही निर्णय घेऊ नये असे आमचे मत आहे. 'पुन्हा बसेन' ही प्रतिज्ञाही नको आणि 'आता कधीच नाही' ही शपथही नको. मुलाला जेवायला हाक मारावी, नेहमीची कामे सांगावीत, आणि विषय त्याने काढला तर ऐकून घ्यावे. आईवडिलांनी पुण्या-नागपुराहून येणारे दूरध्वनी स्वतः घेऊन 'ठरले की कळवू' एवढेच उत्तर द्यावे. हे छोटे काम फार मोठे आहे.

दोन-तीन आठवडे उलटले तरी झोप नाही, अन्न जात नाही, माणसांत येणे नाही, किंवा जगण्यात अर्थ नाही असे बोलणे कानी पडले, तर त्याला हट्ट किंवा नाटक समजू नये. जगण्याविषयीचे असे बोलणे ऐकल्यावर तर एक दिवसही थांबू नये. ताबडतोब डॉक्टरांकडे जावे. केंद्र शासनाची 'टेली-मानस' ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तिचा क्रमांक १४४१६ असून अनेक भारतीय भाषांतून तेथे बोलता येते. हा क्रमांक मंडळाच्या सूचनाफलकावर कायम लावावा, अशी आमची सूचना आहे.

मन थोडे स्थिर झाले की तपास करावयाचा तो असा: दार नेमके कोठे बंद झाले? दारे तीन आहेत, आणि तिन्हींचे उपाय निराळे आहेत.

पहिले दार मुलाखतीच्या बोलावण्याचे. बोलावणेच आले नसेल तर कारण परीक्षेत किंवा मागच्या गुणांत असते. कॅटचे तीन विभाग आहेत: इंग्रजी भाषा व आकलन, माहितीचे विश्लेषण व तर्क, आणि गणित. २०२० पासून प्रत्येक विभागाला ४० मिनिटे मिळतात, आणि एका विभागाची उरलेली मिनिटे दुसऱ्यात वापरता येत नाहीत. बरोबर उत्तराला तीन गुण, आणि पर्यायी प्रश्नाचे उत्तर चुकले तर एक गुण वजा. एकूण गुण उत्तम पण एका विभागात संस्थेने ठरविलेल्या किमान रेषेच्या खाली, असे कित्येकांचे होते. अशा उमेदवाराला सगळा अभ्यास पुन्हा करण्याची गरज नसते. एका विभागाची करावी लागते. याउलट दहावी-बारावीचे गुण कमी असल्यामुळे बोलावणे आले नसेल, तर ते गुण आता जन्मतारखेइतकेच पक्के आहेत. तेव्हा त्या गुणांना कमी वजन देणाऱ्या संस्था निवडणे हाच उपाय उरतो.

दुसरे दार मुलाखतीचे. बोलावणे आले, भेट झाली आणि नंतर नकार आला, तर परीक्षेची पुस्तके पुन्हा उघडून फारसे साधत नाही. मुलाखतीत काय विचारले, आपण काय सांगितले, कोठे अडखळलो, हे आठवते आहे तोवर लिहून काढावे. आपल्या मुलांत आम्हांला एक गोष्ट वारंवार दिसली. कारखान्यातल्या कामाविषयी विचारले की ती 'आम्ही यंत्र सुरू केले', 'आमच्या विभागाने बचत केली' असे सांगतात. आपल्या घरांतला विनयच तो. सभेत आम्ही स्वतःला 'आम्ही' म्हणवून घेतो ते खपून जाते; पण मुलाखत घेणाऱ्याला 'तुम्ही स्वतः काय केलेत?' हेच जाणून घ्यायचे असते. त्या प्रश्नाला दोन वाक्यांत खरे आणि मोजके उत्तर देता येणे म्हणजे बढाई नव्हे. ते सवयीने येते, आणि मंडळाच्या सभागृहात त्याचा सराव सहज करता येईल.

तिसरे दार प्रतीक्षायादीचे. हे पूर्ण बंद झालेले नसते. पहिल्या यादीनंतर पुढे कित्येक आठवडे ते किलकिले होत राहते. येथे धीर धरावा, पण हातातली दुसरी जागा किंवा नोकरी केवळ आशेवर सोडू नये.

एवढा तपास झाल्यावर आपण मुख्य प्रश्नाशी येतो. पुन्हा अर्ज करावा काय? आमचे उत्तर एका प्रतिप्रश्नात आहे: पुढच्या वर्षीच्या अर्जात या वर्षीपेक्षा वेगळे काय असेल? हे उत्तर कागदावर लिहिता आले तर अर्ज करावा. 'यंदा अधिक मेहनत करीन' याखेरीज काहीच लिहिता आले नाही, तर करू नये. निदान त्या वर्षी करू नये.

हे इतक्या ठामपणे सांगण्याचे कारण असे. नागरी सेवा परीक्षेत सर्वसाधारण वर्गाच्या उमेदवाराला सहा संधी आणि ३२ वर्षांची वयोमर्यादा असते. केव्हातरी शासनच त्याला थांबविते. कॅटला वयाची मर्यादा नाही आणि संधींचीही नाही. तेथे थांबण्याची रेषा आपली आपणच आखावी लागते, आणि ती आखली नाही तर एकामागून एक वर्षे निघून जातात. कॅटचे गुण पुढच्या एकाच प्रवेशवर्षापुरते चालतात, म्हणून दर खेपेस परीक्षाही नव्याने द्यावी लागते. परदेशी आणि येथल्या काही संस्था ज्या जीमॅट परीक्षेचे गुण मानतात ते पाच वर्षे ग्राह्य असतात. तेथे हिशेब थोडा वेगळा होतो.

आपल्या वसाहतीतील दोन उदाहरणे, नावे न घेता सांगतो. एक मुलगी रोलिंग मिलमध्ये अभियंता म्हणून काम करीत होती. पहिल्या वर्षी भाषेच्या विभागात ती मागे पडली आणि एकही बोलावणे आले नाही. तिने नोकरी सोडली नाही. रोज पाळी संपल्यावर एक तास इंग्रजी निबंध आणि अग्रलेख वाचन, एवढाच नेम तिने वर्षभर पाळला. त्याच वर्षात मिलमधल्या सुट्या भागांच्या साठ्याचे काम तिच्याकडे आले. दुसऱ्या अर्जात दोन गोष्टी बदलल्या होत्या, भाषेचे गुण आणि सांगण्यासारखे काम. तिला प्रवेश मिळाला. दुसरा एक मुलगा, बुद्धीने तिच्याहून उणा नव्हे. त्याने तयारीसाठी नोकरीच घेतली नाही. तीन वर्षे तीच शिकवणी, त्याच प्रश्नपत्रिका, आणि पर्सेंटाइलही जवळपास तेच. तिसऱ्या खेपेस मुलाखतीचे बोलावणे आले तेव्हा पहिलाच प्रश्न आला की पदवीनंतर ही तीन वर्षे काय केलेत? त्याच्यापाशी उत्तर नव्हते. चौथ्या वर्षी त्याने अर्ज केला नाही. एका वाहतूक कंपनीत तो लागला, आणि आज मालगाड्यांच्या फेऱ्या आखण्याच्या त्या कामात तो रमला आहे. त्याचे वडील आम्हांला म्हणाले, "हे तीन वर्षांपूर्वी व्हायला हवे होते." आमच्या मते त्या घरात पहिल्याच वर्षी तो कागद समोर ठेवायला हवा होता.

म्हणून शक्य तो नोकरी न सोडता तयारी करावी. या परीक्षेतले गणित बहुतांशी शालेय पातळीचे आहे. त्याला चोवीस तास लागत नाहीत. आणि किती खेपा, किती पैसा, कोणत्या तारखेपर्यंत, हे मुलाने आणि आईवडिलांनी एकत्र बसून आधीच ठरवावे.

दुसरे असे की प्रतिष्ठेची दारे आय.आय.एम.मध्येच आहेत असे नाही. जमशेदपूरची झेव्हियर संस्था १९४९ सालची, म्हणजे अहमदाबाद आणि कलकत्त्याहून बारा वर्षांनी जुनी. तिची परीक्षा निराळी. दिल्ली विद्यापीठाचा व्यवस्थापन विभाग १९५४चा. ग्रामीण व्यवस्थापनासाठी आणंदची संस्था १९७९ मध्ये निघाली. मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज संस्था १९६५ची. तेथे महाराष्ट्र शासनाच्या सामाईक परीक्षेतून प्रवेश होतात. येथे आपल्या पालकांना एक इशारा द्यावासा वाटतो. मातृभाषा मराठी असणे आणि नियमांनुसार महाराष्ट्राचा उमेदवार ठरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिक्षण कोठे झाले आणि अधिवासाचा दाखला कोठला, यावर ते ठरते. परप्रांतात शिकलेल्या आपल्या मुलांनी त्या वर्षीची नियमपुस्तिका आधी वाचावी.

मात्र दार उघडे दिसले म्हणून आत शिरू नये. अहमदाबादचे दोन वर्षांचे शुल्क २०२४च्या तुकडीसाठी २० लाख रुपयांच्या पुढे होते, आणि फारसे नाव नसलेल्या काही संस्थाही लाखांनीच शुल्क घेतात. तेथून बाहेर पडणाऱ्यांना मिळणाऱ्या पगाराची सरासरी पाहू नये. मधल्या क्रमांकाच्या विद्यार्थ्याला किती मिळाले ते विचारावे. दोघांना परदेशी नोकरी लागली की साऱ्या वर्गाची सरासरी फुगते, आणि कर्जाचा हप्ता मात्र ज्याचा त्यालाच भरावा लागतो.

अशा भाषणांत थोरामोठ्यांचे दाखले देण्याची प्रथा आहे. तीही पाळतो. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकायला गेले, आणि रंगांधत्वामुळे त्यांना रंगांचे काम सोडावे लागले. ते यंत्रांच्या रेखाचित्रांकडे वळले, व्हिक्टोरिया जुबिली संस्थेत शिक्षक झाले, आणि तेथे बढतीत डावलले गेल्यावर बेळगावला येऊन भावाबरोबर सायकलींच्या धंद्यात पडले. १९०३च्या सुमारास त्यांनी लोखंडी नांगर केला, तर लोखंडाने जमीन नासते म्हणून शेतकरी तो घेईनात. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. अमेरिकेतील प्रसिद्ध गुंतवणूकदार वॉरन बफे यांना १९५० साली हार्वर्डच्या व्यवस्थापनशाळेने नाकारले. त्यांनी कोलंबिया विद्यापीठात अर्ज केला, तेथे बेंजामिन ग्रॅहॅम यांच्यापाशी शिकून १९५१ मध्ये पदवी घेतली.

या कथा ऐकून नाकारलेला प्रत्येक जण किर्लोस्कर होईल असे मानणे भाबडेपणाचे आहे. जे झाले नाहीत त्यांची चरित्रे कोणी लिहिली नाहीत. या दोघांकडून घेण्यासारखी गोष्ट साधी आहे. एक जागा नाकारली गेल्यावर आपल्याला नेमके काय शिकायचे आणि काय करायचे आहे, हे त्यांनी पाहिले, आणि ते जेथे मिळेल तेथे ते गेले. आपल्या मुलाला व्यवस्थापन शिकायचे आहे की अमुक संस्थेचे नाव हवे आहे, हा प्रश्न त्याला एकदा शांतपणे विचारावा. उत्तर 'नाव' असे आले तरी रागावू नये. नावाची ही ओढ त्याला आपल्याच बैठकीच्या खोलीत लागलेली असते.

शेवटी मंडळाविषयी दोन शब्द. आपण दरवर्षी गणेशोत्सवात गुणगौरव समारंभ करतो, आणि तो करावाच. पण ज्याला त्या वर्षी प्रवेश मिळाला नाही तो मुलगा त्या दिवशी मंडपात येत नाही, हे आपण पाहिले आहे काय? आमच्या पाहण्यातला एक तरुण लहानपणापासून आरतीला ढोलकी वाजवीत असे. नकार आला त्या वर्षापासून दोन उत्सव तो फिरकला नाही. कोणी त्याला टाकून बोलले नव्हते. "मग, कुठे झाली अ‍ॅडमिशन?" हा आपला नेहमीचा, मायेने विचारलेला प्रश्न त्याला दहा तोंडांतून ऐकायचा नव्हता. परमुलखात आपली घरे मोजकी. जे मंडळ मुलाचे आजोळ व्हावे, तेच त्याला परीक्षेचा मंडप वाटू लागले तर पन्नास वर्षांच्या या खटाटोपाचा काय उपयोग?

म्हणून आमची सभासदांना विनंती आहे की एप्रिल ते जुलै या चार महिन्यांत हा प्रश्न कोणीही मुलांना आपण होऊन विचारू नये. हळदीकुंकवाला नको, सहलीत नको, तालमीतही नको. त्याऐवजी जे पूर्वी या परीक्षेला बसले, ज्यांना प्रवेश मिळाला आणि ज्यांना मिळाला नाही, अशा दोन्ही प्रकारच्या सभासदांनी मे महिन्यातला एक रविवार मार्गदर्शन वर्गाला द्यावा. मुलांनी निकाल आणि वही घेऊन यावे. दार कोठे बंद झाले ते आपण मिळून पाहू, आणि 'पुढच्या वर्षी वेगळे काय' तो कागद तेथेच भरू. कार्यवाहांनी यंदाच्या पहिल्या बैठकीसाठी वाचनालयाची खोली देण्याचे मान्य केले आहे. नावे नोंदविण्याची वही ग्रंथपालांच्या मेजावर ठेवली आहे.